रात्रपाळी, इन्सुलिन आणि खिशातली ग्लुकोजची पुडी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातू वितळवून ओतायच्या कारखान्यात) मोल्डिंगच्या, म्हणजे साचे बनवायच्या लाइनवर असणाऱ्या 37 वर्षांच्या कामगारानं विचारलंय : पाच वर्षं शुगर आहे, गेल्या दिवाळीपासून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू झालं. शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मागच्या महिन्यात थर्ड शिफ्टला पहाटे अडीचच्या सुमारास हात थरथरले, बोलणं अडखळलं, खालीच बसलो. सुपरवायझर म्हणाला, "पिऊन आलाय." लाइनवर काही खायला बंदी आहे. आता एचआर म्हणतंय, "पूर्ण फिट असल्याचा दाखला आणा, नाहीतर घरी बसा." परदेशात शुगरवाल्याला कामावर सोयी देणं मालकाला बंधनकारक आहे असा व्हिडिओ बघितला. आपल्याकडं तसं आहे का? की मी आजार लपवायलाच पाहिजे होता?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. लपवायला नको होता. मी गेली बावीस वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या कारखान्यांत कंपनी डॉक्टर म्हणून बसतो. शुगर सांगितली म्हणून नोकरी गेलेले लोक मी पाहिलेत, नाही असं नाही. पण लपवलेली शुगर लाइनवर उघडी पडली म्हणून गेलेल्या नोकऱ्या त्याहून बऱ्याच जास्त पाहिल्यात. सांगितलेल्या आजाराबद्दल बोलणी होतात. लपवलेल्या आजाराबद्दल चौकशी होते, आणि चौकशीत तुम्ही आरोपी असता. तुमच्या बाबतीत तर आता झाकायला काही उरलेलंच नाही. उरलाय तो प्रश्न एवढाच की त्या रात्रीची गोष्ट कागदावर कोण लिहिणार, सुपरवायझर की तुम्ही.

त्या रात्री काय झालं ते आधी समजून घ्या, कारण तुमची सगळी मागणी त्यावर उभी राहणार आहे.

दिवसातून दोनदा म्हणजे तुम्ही बहुधा मिक्स इन्सुलिन घेता, ज्याला आपल्याकडं सगळे 'तीस-सत्तर' म्हणतात. त्यातलं तीस भाग लवकर काम करतं, सत्तर भाग सावकाश. सावकाशवालं साधारण चार ते दहा तासांच्या दरम्यान जोरात असतं. आता हिशेब करा. थर्डला जायचं म्हणून तुम्ही आठ-साडेआठला इन्सुलिन घेऊन जेवलात, अकराला पंचिंग केलं. त्या सत्तर भागाचा जोर मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत. डॉक्टरांनी तो डोस लिहिला तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर झोपलेला माणूस होता. तुम्ही मात्र त्याच वेळी मोल्ड बॉक्स उचलत होता. अंगमेहनत स्वतःच साखर खाली ओढते, वरून इन्सुलिनही ओढतंय, आणि पोटात सहा तासांपूर्वीच्या दोन भाकऱ्या. पहाटे अडीचला शुगर पडली यात नवल काही नाही, घड्याळ लावून ठेवल्यासारखं ते आहे. त्यात तुमची चूक नाही, आणि खरं सांगायचं तर तुमच्या डॉक्टरांचीही पूर्ण नाही, कारण "मला आठवड्याला शिफ्ट बदलते" हे वाक्य तुम्ही त्यांच्यासमोर बोलला होता का, याची मला शंका आहे. नव्वद टक्के कामगार बोलत नाहीत. डॉक्टर विचारतात "काम काय?", आपण म्हणतो "कंपनीत". झालं.

म्हणून एचआरकडं जाण्याआधी डॉक्टरांकडं जा, आणि रिकाम्या हातानं जाऊ नका. वहीचं एक पान घ्या. फर्स्ट, सेकंड, थर्ड, अशा तिन्ही शिफ्टना तुम्ही किती वाजता उठता, जेवता, झोपता, इन्सुलिन कधी टोचता, जड काम कोणत्या वेळेला असतं आणि ओव्हरटाइम किती वेळा लागतो, ते लिहा. ग्लुकोमीटर नसेल तर विकत घ्या. प्रत्येक शिफ्टचे दोन-तीन दिवस, कामाआधी, मधल्या सुट्टीत आणि काम सुटल्यावर, आकडे नोंदवा. हे पान बघितल्यावर कुठलाही शहाणा डॉक्टर एक तर शिफ्टप्रमाणे वेगळे डोस लिहून देईल किंवा इन्सुलिनचा प्रकारच बदलेल. चोवीस तासांचं एक आणि जेवणाआधीचं वेगळं, असं घेतलं तर जेवणाची वेळ पुढंमागं झाली तरी सांभाळता येतं. टोचण्या वाढतात, खर्चही वाढतो, हे खरं. पण दर आठवड्याला दिवसाची रात्र होणाऱ्या माणसाला तीस-सत्तरच्या वेळापत्रकात बांधून ठेवणं अवघड जातं. हा बदल स्वतःच्या मनानं मात्र करू नका. "थर्डला इन्सुलिनच घेत नाही, भानगडच नको" असं अभिमानानं सांगणारे मला महिन्याला एक-दोन भेटतात. त्यांची शुगर साडेतीनशेवर असते आणि पायाची जखम दीड महिना भरलेली नसते.

एक आडवाट, पण जीवावर बेतणारी. आपल्याकडं एका मिलिलिटरला 40 युनिटची आणि 100 युनिटची अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात आणि त्यांच्या सिरिंजाही वेगळ्या असतात. लाल टोपीची 40 ची, केशरी टोपीची 100 ची. 100 चं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजनं ओढलंत तर वीस युनिट समजून पन्नास जातात. शिफ्टला सिरिंज विसरली म्हणून मित्राची घेऊ नका. आणि इन्सुलिन लॉकरमध्ये ठेवत असाल तर तो लॉकर भट्टीच्या बाजूच्या भिंतीला आहे का ते बघा. बंद बाटली दोन ते आठ डिग्रीत लागते. चालू बाटली खोलीच्या तापमानाला साधारण महिनाभर चालते, पण ती खोली म्हणजे माणसं राहतात ती, एप्रिलमधला मेल्टिंग शॉप नव्हे. कुठंच सोय नसेल तर पाण्यात ठेवलेलं छोटं मातीचं मडकं लॉकरपेक्षा कितीतरी बरं.

शुगर 70 च्या खाली गेली की ती 'लो'. 54 च्या खाली गेली की मेंदू अडखळायला लागतो, आणि तिथंच माणूस प्यायलेला वाटतो. बोलणं जड, डोळे शून्यात, उगाच चिडचिड, सांगितलेलं कळत नाही. पुस्तकात घाम हे मोठं लक्षण सांगतात. फौंड्रीत सगळ्यांनाच घाम, त्यामुळं तिथं घामावरून काही कळत नाही. माझ्या माणसांना मी दुसऱ्या खुणा शिकवतो. रोजचं काम करताना हात चुकायला लागला, एकच बॉक्स दोनदा मोजला, जोडीदारावर विनाकारण खेकसलात, की थांबा आणि साखर घ्या. मीटर जवळ नसेल तर मोजण्यात वेळ घालवू नका.

साखर म्हणजे 15 ग्रॅम. तीन चमचे साखर पाण्यात, किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटं थांबायचं, परत मोजायचं, अजून 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. सावरलं की मग बिस्किट, भाकरी, जे असेल ते खायचं. आपल्या भागात लोक गुळाचा खडा ठेवतात. गूळ चालतो, पण चावत बसावं लागतं आणि थरथरत्या माणसाला तेच जमत नाही. पेढा, चॉकलेट किंवा कट्ट्यावरचं म्हशीचं दूध यांनी काम होत नाही, त्यातल्या स्निग्धामुळं साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि 108 ला फोन. हे शेवटचं वाक्य तुम्हाला नव्हे, तुमच्या शेजारच्या मोल्डरला पाठ असलं पाहिजे.

आता "लाइनवर खायला बंदी" याबद्दल. इथं मी तुमच्या सुपरवायझरच्या बाजूनं आहे. मोल्डिंगच्या वाळूत सिलिका असते, कोअर शॉपमध्ये रेझिन असतं, हात त्यानंच माखलेले असतात. तिथं डबा उघडणं चुकीचंच. त्या बंदीविरुद्ध भांडलात तर तुम्ही हराल आणि हरायलाच पाहिजे. तुम्ही मागायचं ते वेगळं. बंद पुडीतली ग्लुकोज पावडर खिशात बाळगायची परवानगी, आणि गरज पडल्यावर गेटपास न मागता विश्रांतीच्या खोलीपर्यंत जायची मुभा. या दोन गोष्टींना सेफ्टी ऑफिसर क्वचितच नाही म्हणतो, कारण नाही म्हणून पुढं काही घडलं तर सही त्याची असते.

मागायचं काय हे इथं कळीचं आहे. बहुतेक जण दोन टोकांना जातात. काही जण काहीच मागत नाहीत. काही जण थेट "मला लाइट ड्यूटी द्या" म्हणतात. लाइट ड्यूटीपासून सांभाळून राहा. माझ्याच एका कारखान्यात फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारा एक गडी होता, कामाला वाघ. शुगर निघाल्यावर त्यानं स्वतःहून हलकं काम मागितलं. कंपनीनं आनंदानं स्टोअरला बसवलं. ओव्हरटाइम बंद, नाईट अलाउन्स बंद, पगार हातात येताना चार-साडेचार हजारांनी कमी. वर्षभरानं स्टोअर कॉम्प्युटरवर गेलं आणि त्याची जागाच राहिली नाही. फेटलिंगला परत घ्या म्हणाला तर उत्तर मिळालं, "तुम्हीच लिहून दिलं होतंत, जमत नाही म्हणून." तो कागद मी पाहिलाय. त्याच्याच अक्षरातला.

दुसरा एक पोअरिंगवरचा, म्हणजे वितळलेला धातू साच्यात ओतणारा. त्यानं काम बदलून मागितलं नाही. म्हणाला, हेच काम करतो, फक्त जेवणाची सुट्टी माझ्यासाठी अर्ध्या तासापेक्षा जास्त पुढं ढकलू नका, आणि दोन हीटच्या (भट्टीच्या खेपांच्या) मध्ये मला दहा मिनिटं द्या. लाइन लीडरनं जोडीदाराबरोबर अदलाबदल करून दिली. कंपनीचा एक रुपया गेला नाही. तो अजून तिथंच आहे, आता स्वतः लीडर.

तेव्हा आहे त्याच कामात छोटे बदल मागा. मोजता येतील असे. "मला सांभाळून घ्या" याचा अर्थ प्रत्येक सुपरवायझर वेगळा लावतो. "रात्री अडीच वाजता दहा मिनिटं" याचा अर्थ एकच निघतो. अर्ज असा काहीसा लिहा, मराठीतच लिहा, दोन प्रतींत, एका प्रतीवर पोच घ्या :

"मी मोल्डिंग विभागात कायम कामगार आहे. मला मधुमेह असून इन्सुलिन चालू आहे. अमुक तारखेला थर्ड शिफ्टमध्ये माझी रक्तातील साखर एकदम कमी झाली होती, तो वैद्यकीय प्रसंग होता. डॉक्टरांच्या सल्ल्यानं माझं औषध बदललं आहे, दाखला सोबत जोडला आहे. माझं सध्याचं काम मी करू शकतो. ते सुरक्षितपणे करता यावं म्हणून विनंती की मला बंद पुडीतील ग्लुकोज जवळ बाळगू द्यावं; शिफ्टमध्ये दोन वेळा रक्त तपासण्यासाठी दहा-दहा मिनिटं मिळावीत; जेवणाची सुट्टी अर्ध्या तासापेक्षा जास्त पुढं जाऊ नये; इन्सुलिन फर्स्ट एड रूमच्या फ्रिजमध्ये ठेवता यावं आणि तिथंच टोचता यावं; शिफ्ट आठवड्याऐवजी महिन्यानं बदलावी; ओव्हरटाइमची सूचना शिफ्ट संपण्याच्या किमान दोन तास आधी मिळावी. तीन महिन्यांनी या व्यवस्थेचा एकत्र आढावा घेऊ."

तीन महिन्यांचं ते वाक्य काढू नका. कायमची सवलत द्यायला मॅनेजर घाबरतो, उद्या सगळेच मागतील म्हणून. तीन महिन्यांची द्यायला घाबरत नाही. आणि तीन महिने काही बिनसलं नाही की ती आपोआप रूढ होते. "वैद्यकीय प्रसंग होता" हेही ठेवा. "पिऊन आलाय" या तोंडी शेऱ्याला तेच तुमचं लेखी उत्तर आहे. टॉयलेटमध्ये इन्सुलिन टोचायची पाळी अजून कितीतरी कारखान्यांत येते, म्हणून फर्स्ट एड रूमचा उल्लेख मी मुद्दाम घातलाय. महिन्याच्या शिफ्टबद्दल मात्र जोडीदारांशी आधी बोलून घ्या. तुमची थर्ड दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाणार असेल तर तोच पहिल्यांदा तक्रार करणार. अर्जाआधी चहाच्या टपरीवर हे बोलणं झालेलं बरं.

आता दाखल्याचं. 'पूर्ण फिट' असा वैद्यकीय शब्द नाही. माणूस कशासाठी फिट आहे हे सांगावं लागतं. ज्यानं तुम्हाला तपासलंही नाही अशा कुणाकडून दोनशे रुपयांत 'फिट' लिहून आणू नका. पुढं काही घडलं तर तो कागद तुमच्याच विरुद्ध वाचला जाईल. तुमच्या डॉक्टरांकडून एवढंच लिहून घ्या : 'रुग्ण मोल्डरच्या कामासाठी खालील अटींसह सक्षम आहे', आणि खाली वरच्याच मागण्या. एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती, किडनीचा रिपोर्ट काय, हे एचआरला द्यायची गरज नाही. ते आकडे कंपनी डॉक्टरच्या फाइलला असतात आणि तिथंच राहिले पाहिजेत. एचआरला हवं ते उत्तर एवढंच, की काम करू शकतो का आणि कोणत्या अटींवर. उलट तुम्हीही लेखी विचारा की नेमक्या कोणत्या कामासाठी दाखला हवाय. फौंड्री हा 1948 च्या कारखाने कायद्यानं धोकादायक प्रक्रियांच्या यादीत घातलेला उद्योग, त्यामुळं तिथं कामगारांच्या आरोग्याची नोंद ठेवणं आणि ती कामगाराला बघू देणं ही कारखान्याची जबाबदारी ठरवली होती. वार्षिक तपासणीत तुमची शुगर आधीच नोंदलेली असेल, तर कंपनीला ती माहीत नव्हती असं कुणाला म्हणता येणार नाही. ती नोंद मागून बघा.

प्रामाणिकपणानं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. काही कामं अशी आहेत की तिथं लो होणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ. लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) घेऊन पोअरिंग, ईओटी म्हणजे डोक्यावरून धावणारी क्रेन, फोर्कलिफ्ट, उंचावरचं काम. शुगर आहे म्हणून सरसकट बंदी घालायला माझा विरोध आहे, आणि कित्येक क्रेन ऑपरेटर इन्सुलिनवर असून मी फिट दिलेत. पण दुसऱ्यानं उठवावं लागेल इतकी शुगर पडली असेल, तर औषध बसेपर्यंत, आकडे काही आठवडे नीट येईपर्यंत, मी त्या माणसाला अशा कामावरून खाली उतरवतो. तुम्ही मोल्डिंगला आहात, स्वतः खाली बसलात, शुद्ध गेली नव्हती, म्हणून तुमच्या बाबतीत मी लगेच कामावर पाठवलं असतं, फक्त पहिले पंधरा दिवस एकट्याला कुठं न ठेवता. घरी जाताना मात्र तुम्हीही ड्रायव्हरच. थर्ड सुटल्यावर हायवेला गाडी घालण्याआधी शुगर मोजा, 90 च्या वर असेल तरच किक मारा. शिफ्टभर केलेल्या मेहनतीचा परिणाम काम सुटल्यावरही काही तास राहतो.

आता तुमचा व्हिडिओ. तो बहुधा अमेरिकेचा असणार. तिथं 1990 चा अपंगत्वविषयक कायदा आहे, 2008 मध्ये तो आणखी रुंद केला, आणि मधुमेह त्यात सहज बसतो. ते शिरोलीत चालत नाही. आपला कायदा 2016 चा दिव्यांग हक्क कायदा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. त्यात अपंगत्वाचे 21 प्रकार नावानिशी दिलेत आणि त्यांत मधुमेह नाही. 'वाजवी सोय' ही कल्पना त्या कायद्यात आहे, पण नोकरीत ती दिलीच पाहिजे असं थेट बंधन 20 व्या कलमात सरकारी आस्थापनांवर घातलंय. सेवेत असताना अपंगत्व आलं तर काढायचं नाही, हुद्दा कमी करायचा नाही, हेही त्याच कलमात, सरकारी आस्थापनांसाठीच. तुम्ही एसटीत किंवा महापालिकेत असता तर माझं उत्तर थोडं वेगळं असतं. खासगी कंपनीला समान संधीचं धोरण जाहीर करावं लागतं. ते तुमच्या कंपनीनं केलंय का हे विचारायला हरकत नाही. बऱ्याच ठिकाणी एचआर हा प्रश्न ऐकून दोन मिनिटं गप्प बसतं, तेवढाही फायदा.

दार अगदी बंद आहे असंही नाही. 2021 मध्ये विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सोय मिळण्याचा हक्क फक्त 40 टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्यांपुरता नाही. तो मुलगा लिहिताना हात आखडण्याच्या आजाराचा होता, परीक्षेला लेखनिक मागत होता. कायद्यातली 'दिव्यांग व्यक्ती'ची व्याख्या, म्हणजे दीर्घकाळची कमतरता आणि समोरचे अडथळे मिळून ज्याला बरोबरीनं भाग घेता येत नाही तो माणूस, ही टक्केवारीपेक्षा मोठी आहे. तिच्यात इन्सुलिनवरचा कामगार बसवून एखादा वकील चांगला युक्तिवाद करू शकेल. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरातच आहे, मुंबईला खेपा घालाव्या लागत नाहीत. पण तुमच्या जागी मी असतो तर दहा मिनिटांच्या सुट्टीसाठी कोर्टाची पायरी चढलो नसतो. शुगरमुळं पुढं नजर गेली किंवा पाय कापावा लागला, तर ते मात्र 21 प्रकारांत येतं. तेव्हा सीपीआर या सरकारी रुग्णालयातून रीतसर दाखला आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढायचंच.

तुमच्या उपयोगाचा कायदा खरं तर दुसराच आहे. पगार 21 हजारांच्या आत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत असाल. तिथं आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या 70 टक्के मिळतात. दीर्घ आजारांच्या वेगळ्या यादीत साधी शुगर नाही, पण शुगरमुळं बिघडलेला पाय, किडनी किंवा डोळ्याचा पडदा आहे. त्यात 80 टक्क्यांनी दोन वर्षांपर्यंत जाता येतं, नोकरीची ठरावीक मुदत पूर्ण असेल तर. आणि 1948 च्या ईएसआय कायद्यात 73 वं कलम होतं : आजारपणाचा लाभ घेत असताना कामगाराला काढता किंवा शिक्षा करता येत नाही. "घरी बसा" म्हणाले तर तोंडी ऐकून घरी बसू नका. ईएसआयच्या डॉक्टरकडं जा आणि रजा त्यांच्या कागदावर घ्या. बिनकागदाची गैरहजेरी हेच पुढं काढण्याचं कारण होतं. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यानं 'सततच्या आजारपणा'मुळं काढणं हे कामगार कपातीत धरलं नव्हतं, म्हणजे कपातीची भरपाईही नाही. त्यामुळं दांड्यांची यादी लांबवू नका. सूडानं किंवा खोट्या कारणानं काढलं तर आपल्या राज्याच्या 1971 च्या कायद्याखाली ती अनुचित प्रथा ठरते, कामगार न्यायालयात जाता येतं. नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्यात, कलमांचे आकडे हललेत. तेव्हा अर्जात कलमं घालू नका, आणि पुढं नोटीस द्यायची वेळ आली तर युनियनच्या वकिलाकडून आजची तरतूद बघून घ्या.

उद्यमनगरात आठ-दहा माणसांच्या वर्कशॉपला असणारेही हे वाचतील. तिथं एचआर नाही, अर्ज नाही, मालक शेजारच्या मशीनवर उभा असतो. तिथं कायद्याची भाषा काढली की बोलणंच संपतं. मालकाला त्याच्या आईवडिलांची शुगर विचारा, कोल्हापुरात निम्म्या घरांत ती आहेच. मग खिशातली पुडी दाखवा, मी अडखळलो तर ही पाण्यात घालून द्या म्हणून सांगा. माझ्या अनुभवात तिथं एवढ्यानं भागतं.

कॅन्टीनबद्दल जास्त लिहीत नाही. भात अर्धा, उसळ दुप्पट, सेकंडच्या चहात साखर नको, शिफ्ट सुटल्यावर रोज मिसळ नको. बाकी तुमच्या घरच्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

औषधांत डापाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी असेल, तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा की तुम्ही भट्टीजवळ काम करता. घाम आणि लघवी दोन्हींकडून पाणी जातं, उन्हाळ्यात माणूस कोसळतो. पाणी तहान लागण्याची वाट न बघता प्या.

आणि पाय. शुगरमध्ये तळव्याची जाणीव हळूहळू जाते. सेफ्टी शूजमध्ये वाळूचा खडा गेला, ठिणगी आत पडून मोज्याला चिकटली, बुटाची टाच आतून फाटली, काहीच कळत नाही. रात्री मोजे काढल्यावर तळव्यावर रक्त दिसलं तेव्हाच कळलं, असे तीन पाय माझ्या डोळ्यांसमोर कापले गेलेत, त्यातला एक तुमच्याच वयाचा होता. घरी गेल्यावर रोज, अगदी थर्ड करून दमून आलात तरीही, झोपायच्या आधी दोन्ही तळवे उजेडात बघा. वाकता येत नसेल तर फरशीवर आरसा ठेवा. बूट घालताना आधी उलटा करून झटका, मग आत हात घालून चाचपा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तळव्याची जाणीव आणि डोळ्याचा पडदा तपासून घ्या. बूट तुटला असेल तर नवा मागा. तो तर तुम्हाला सवलत म्हणून नव्हे, सेफ्टी ऑफिसरनं द्यायलाच हवा.